सातवीतल्या मुलाला गणिताची शिकवणी लावायची आहे, निवडताना नेमकं काय बघायचं?

सातवीतल्या मुलाची आई

नमस्कार. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचतेय, लिहायची वेळ आज पहिल्यांदाच आली.

मुलगा सातवीत आहे. चौथीपर्यंत गणित त्याचा सगळ्यात आवडता विषय. रस्त्यानं जाताना गाड्यांच्या नंबरांतल्या आकड्यांची बेरीज करत चालायचा. पाचवीत अपूर्णांक आले आणि तिथेच कुठेतरी गाडी अडली असावी. आम्हाला पत्ता लागला नाही, कारण मार्क बरे येत होते. सहावीत घसरले. या वर्षी पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा.

सहा मार्कांचं एवढं वाटलं नाही. पण पाच उदाहरणं त्यानं कोरी सोडली होती. चुकली असती तर चाललं असतं. एका ठिकाणी काहीतरी लिहून इतकं खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. "इथे काय लिहिलं होतंस रे?" असं विचारलं तर म्हणाला, "चूकच असणार होतं, म्हणून खोडलं." तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही.

मी स्वतः शिकवून पाहिलं. माझा आवाज चढतो, त्याचे डोळे भरतात आणि पंधरा मिनिटांत आम्ही दोघं दोन खोल्यांत असतो. त्याचे बाबा शांतपणे समजावतात, पण त्यांची रीत वेगळी, शाळेतली वेगळी. पोराचा आणखी गोंधळ होतो. म्हणून शिकवणी लावायचं ठरवलंय.

सध्या तीन नावं समोर आहेत. एक सर, पंचवीस वर्षं शिकवतात, खूप नाव आहे, पण एका वेळी आठ मुलं बसवतात. मी फारच विनंती केली तर एकट्याला घ्यायला तयार आहेत. दुसरी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. घरी येऊन शिकवेल, आतापर्यंत दोनच मुलांना शिकवलंय. तिसरा पर्याय ऑनलाइनचा, आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास.

माझे प्रश्न: शिक्षण बघायचं की अनुभव? पहिल्याच भेटीत माणूस कसा ओळखायचा? आठवड्यातून किती वेळा? आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याला हे सांगायचं कसं? "मी ढ आहे म्हणून शिकवणी लावताय ना?" असं त्यानं कालच विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

दोन मुलांचा बाबा

ताई, शिकवण्याच्या बाजूनं इथले जाणकार लिहितीलच. मी व्यवहाराचं सांगतो, कारण आम्ही तिथेच पोळलो.

थोरल्याच्या वेळी मी फक्त नाव ऐकून सर ठरवले. पहिल्या दिवशी काहीच बोलून घेतलं नाही. पुढे ते महिन्यातून तीन-तीन दिवस यायचे नाहीत, भरून कधी देणार ते सांगायचे नाहीत, आणि फी आगाऊ गेलेली असल्यामुळे मला विचारायला संकोच वाटायचा. खरी चूक माझीच होती, आधी बोललो नव्हतो. धाकटीच्या वेळी सगळं आधीच बोलून घेतलं. फी तासाची की महिन्याची, त्यांनी दांडी मारली तर काय, आपण मारली तर काय, शाळेला सुट्टी लागली तर काय, परीक्षेआधी जादा तास घेतले तर त्याचे वेगळे पैसे का. पहिले चार तास दोन्हीकडून चाचणीचे, न जमल्यास कारण न देता थांबायची मोकळीक. हे सगळं मी त्यांना मेसेज करून ठेवलं. त्यांना राग आला नाही, उलट बरं वाटलं. बहुतेक शिकवणाऱ्यांनाही हे विषय काढायला अवघड जातं.

चौकशी करताना सगळे "आमच्याकडे येतात, छान शिकवतात" असंच सांगतात. तुम्ही एक तरी असं घर शोधा जिथल्या मुलानं त्यांची शिकवणी मध्येच सोडली. का सोडली ते विचारा. कधी कारण साधं असतं, घर बदललं वगैरे. पण एका आईनं मला सांगितलं, "गृहपाठ तेच लिहून द्यायचे." बस, निर्णय झाला.

आणि हे कुणाच्या चांगुलपणावर शंका म्हणून नव्हे, पण नियम म्हणून पाळाच. शिकवणी बाहेरच्या खोलीत, दार उघडं, घरात कुणीतरी मोठं माणूस. ऑनलाइन असेल तर मूल बंद खोलीत एकटं नको. निरोप, वेळेतले बदल, फोटो, सगळं आईबाबांच्या फोनवर, मुलाच्या फोनवर थेट काही नाही. चांगल्या शिक्षकाला याचं काही वाटत नाही. ज्याला वाटतं त्याला नमस्कार करून मोकळं व्हायचं.

घरी शिकवणारी

बावीस वर्षं मी पाचवी ते दहावीच्या मुलांना घरी गणित शिकवतेय. तुमच्या मुलाच्या त्या खोडलेल्या कागदाबद्दल वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

शिक्षण की अनुभव, असं विचारलंत. सातवीच्या गणिताला मोठी पदवी लागत नाही. विषय मुलाच्या इयत्तेच्या तीन-चार वर्षं पुढपर्यंत पक्का हवा आणि "असं का?" या प्रश्नाला न चिडता उत्तर देता यायला हवं. अनुभव उपयोगी पडतो तो एकाच बाबतीत. मुलं कुठे कुठे आणि कशी कशी चुकतात हे अनुभवी माणसाला माहीत असतं. पण हेच ज्यानं कधी नीट पाहिलं नाही त्याच्या पंचवीस वर्षांचा मुलाला उपयोग नाही.

पहिल्या भेटीत त्यांना एकच प्रश्न विचारा: "याला कुठून सुरुवात कराल?" "पहिल्या धड्यापासून" किंवा "शाळेत जे चालू आहे तिथून" असं उत्तर आलं तर जरा थांबा. "आधी त्याच्या गेल्या वर्षीच्या वह्या आणि पेपर दाखवा" असं म्हणणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. एक मुलगी सहावीत माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी तिला १/२ + १/३ करायला दिलं. तिनं २/५ लिहिलं. ही चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. मी बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. विचारलं, "कसं केलंस?" म्हणाली, "वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली." म्हणजे तिच्याकडे नियम होता, स्वतःचा, नीट बसवलेला. मी कागदाची एक लांब पट्टी दिली आणि म्हटलं, "यात २/५ दाखव." तिनं पट्टीचे पाच भाग आखले, दोन रंगवले. "आता अर्धं कुठे येतं?" तिनं पट्टी मधोमध दुमडली. घडीची रेघ रंगवलेल्या भागाच्या पुढे पडली. मी गप्प. ती पट्टीकडे बघत राहिली, खूप वेळ. मिनिटभर तरी गेलं असेल, आणि समोर मूल अडलेलं असताना मिनिटभर गप्प बसणं किती कठीण असतं ते शिकवणाऱ्यालाच माहीत. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणजे मी अर्ध्यात अजून घातलं आणि ते कमी झालं?" पेन्सिल उचलून तिनं स्वतःच २/५ वर काट मारली. समान छेद करायची रीत मी तिला दुसऱ्या दिवशी शिकवली. पहिल्या दिवशी शिकवली असती तर तिनं आणखी एक नियम पाठ केला असता आणि महिन्याभरात दोन्ही एकमेकांत मिसळले असते.

म्हणून चाचणीच्या तासाला तुम्ही लांब बसून दोन गोष्टी बघा. पेन्सिल जास्त वेळ कुणाच्या हातात आहे? आणि मुलगा चुकला की ते पहिलं वाक्य कोणतं बोलतात? शिकवणारा सुरेख समजावून सांगतोय, वही त्याच्याच अक्षरानं भरतेय आणि मूल माना डोलावतंय, हे दृश्य पालकांना फार आवडतं. त्यातून मुलाला काही मिळत नाही.

हे मी लोकांच्या चुका बघून बोलत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी हेच करत होते. माझा एक विद्यार्थी दोन वर्षं माझ्याकडे होता. वही इतकी सुंदर की मी इतरांना दाखवायची. आठवीत गेल्यावर सुट्टीनंतर सहज त्याला ३क्ष + ५ = २० दिलं. त्यानं ५ पलीकडे नेऊन वजा केला, १५ आले. मग ३ सुद्धा पलीकडे नेऊन वजा केला आणि क्ष = १२ लिहिलं. म्हटलं, ताळा करून बघ. तीन बारा छत्तीस आणि पाच, एक्केचाळीस. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पण तुम्हीच सांगितलं होतं ना, बाजू बदलली की चिन्ह बदलतं." खरंच मीच सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना सारखंच काहीतरी केलं म्हणून तराजू समतोल राहतो, तीनपट असेल तर तिनानं भागायचं, हे मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं. त्याची दोन वर्षं माझ्यामुळे गेली, आणि त्याच्या आईवडिलांनी माझे आभारच मानले होते. मला ते आजही लागतं.

आठ मुलांत की एकट्याला? तुमच्या मुलाला एकट्याला. तो चूक लपवतोय. आठ जणांत लपायला भरपूर जागा असते. एकट्याच्या शिकवणीबद्दल शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ सालचा निष्कर्ष जाहिरातींतून फिरत असतो: एकास एक शिकवलेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलं. नंतरच्या अभ्यासांत फरक यापेक्षा बराच कमी आढळला आहे, पण तो आहे. जाहिरातीत एक भाग मात्र गाळतात. ब्लूम यांच्या त्या मुलांची टप्प्याटप्प्यावर छोटी चाचणी घेतली जायची आणि जे आलं नाही ते दुरुस्त करूनच पुढे जायचं. सर नुसते समोर एकटे बसले म्हणून तो फरक पडत नाही. तुम्ही ज्यांना ठेवाल त्यांना हे विचारा: "मागचं पक्कं झालं हे तुम्ही कसं तपासता?"

आठवड्यातून दोन वेळा, तासभर, मध्ये दोन-तीन दिवस सोडून. तीन तास एका रविवारी नकोत. थोडं थोडं, दिवस सोडून केलेलं जास्त टिकतं हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, आणि मला ते दर आठवड्याला दिसतं. ऑनलाइनचे चार दिवस या मुलाला जड जातील. शिवाय पडद्यावर त्याची वही दिसत नाही. तो काय खोडतोय ते कळलं नाही तर त्याच्या बाबतीत सगळंच हुकलं. वहीवर वरून कॅमेरा धरणारे काही शिक्षक असतात, तसं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक विनंती. खोडरबर सध्या बाजूला ठेवा. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं. शिकवणाऱ्याला त्याची चूक वाचता आली पाहिजे, तीच तर त्याची मुख्य सामग्री आहे.

कॉलेजात शिकणारी

काकू, मी उत्तर देतेय ते तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, कारण सहावीत मी तुमच्या मुलाच्या जागी होते.

मला न विचारता शिकवणी लावली होती. शाळेतून आले तर घरात एक अनोळखी मॅडम बसलेल्या, समोर माझी कंपासपेटी उघडून ठेवलेली. आई चांगल्या मनानंच म्हणाली, "आता या तुला हुशार करणार." म्हणजे आत्ता मी नाही, हे मला त्या क्षणी कळलं. सहा महिने मी त्यांच्यासमोर "समजलं" एवढंच बोलले. त्या प्रेमळ होत्या. मला काही येत नाही हे त्यांना कळू नये यासाठी माझा सगळा जीव खर्च व्हायचा.

त्याला निवडू द्या. दोघांकडे एकेक तास बसू दे आणि कुणाकडे जायचं ते तोच ठरवू दे. "तू ढ नाहीस" असं उगाच सांगू नका, ते पटत नाही. तुम्हाला जे दिसलं ते सांगा. "पाचवीत अपूर्णांक पक्के झाले नाहीत, तेव्हा आमचं लक्ष नव्हतं, ते आता भरून काढायचं आहे." भरून काढता येण्यासारखी एक ठरावीक गोष्ट आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर फार हलकं वाटलं असतं.

आणि त्याला कुणासमोरही "काय, शिकवणी कशी चाललीय?" असं विचारू नका. पाहुण्यांसमोर तर अजिबात नको.

मी मानसशास्त्र शिकते, म्हणून अजून एक. रोडिगर आणि कारपिक या दोघांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्हाला अभ्यासाला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. म्हणून शिकवणी संपल्यावर लगेच "समजलं का?" विचारण्यात अर्थ नाही, त्या वेळी सगळं समजल्यासारखंच वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वही मिटून तेच उदाहरण पुन्हा करता येतं का, ते बघा.

एक आजी

मी शिकलेली फारशी नाही, नातीमुळे इथे येते. पोरी, शिकवणी लाव, पण त्याआधी शाळेतल्या त्याच्या बाईंना भेटून ये. रोज सहा तास मूल त्यांच्यासमोर असतं.

आमच्या नातीची गोष्ट सांगते. गणितात नापास व्हायला लागली म्हणून शिकवणी लावली. चार महिने झाले तरी शाळेतली वही तशीच लाल. शिकवणीच्या ताई म्हणायच्या, "माझ्यासमोर सगळं बरोबर करते." एक दिवस मी नुसती तिची वही आणि तिच्या मैत्रिणीची वही शेजारी ठेवून बघत बसले. मला गणित काय येतंय, पण आकडे वाचता येतात. मैत्रिणीच्या वहीत ३८ वजा १९, हिच्या वहीत ३३ वजा १९. खाली उत्तर १४. हिचं उत्तर तिच्या आकड्यांना बरोबर होतं, फक्त उदाहरणच दुसरं! पुढे आणखी तीन ठिकाणी तेच, ८ चा ३ झालेला. डॉक्टरांकडे नेलं, चष्मा लागला. फळा दिसत नव्हता लेकराला, आणि सगळ्यांनाच असं दिसत असेल असं समजून ती गप्प होती. शिकवणीच्या ताईंना कसं कळणार, त्यांच्यासमोर वही हातभर अंतरावर असायची.

तुझ्या मुलाचं असंच असेल असं मी म्हणत नाही. पण डोळे, कान तपासून घे. पैसाही जास्त जात नाही आणि मनाला रुखरुख राहत नाही. आमची चार महिन्यांची रुखरुख अजून जात नाही.

घरी शिकवणारी

आजी, तुम्ही दोन वह्या शेजारी ठेवून बघितल्या, हे आम्हा शिकवणाऱ्यांनीही करायला हवं. मी उद्यापासून करणार आहे.

याला जोडून एक. काही मुलांना दोन संख्यांमधली लहानमोठी पटकन ओळखताच येत नाही, पाढे वर्षानुवर्षं राहत नाहीत, घड्याळ आणि सुटे पैसे यांतही अडतात, आणि हे अगदी पहिली-दुसरीपासून दिसतं. तसं असेल तर डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातल्या मूळच्या अडचणीची, तपासणी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांकडून करून घ्यावी. नुसती शिकवणी वाढवून अशा मुलाला दमवू नये. तुमचा मुलगा चौथीपर्यंत गाड्यांच्या नंबरांची बेरीज मजेत करत होता, त्यामुळे मला त्याच्या बाबतीत ही शक्यता कमी वाटते. पण हा धागा पुढे दुसरं कुणी वाचेल, म्हणून लिहून ठेवलं.

सातवीतल्या मुलाची आई

दोन महिन्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

आजी, डोळे तपासले, ठीक आहेत. शाळेतल्या बाईंना भेटले. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी घरात आम्हाला माहीत नव्हती. तो तोंडी उत्तरं पटापट देतो, फळ्यावर बोलावलं की येत नाही.

दोघांकडे एकेक तास बसवलं. सरांचा तास मला फार आवडला. अपूर्णांकांचा अख्खा धडा त्यांनी तासाभरात उलगडून दाखवला, मलाही नव्यानं कळला. बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, "सर भारी आहेत, सगळं समजलं." इंजिनिअरिंगवाल्या ताईच्या तासात मात्र माझा जीव वरखाली होत होता. तासात तीनच उदाहरणं झाली. त्यातही ती बहुतेक वेळ गप्प, हनुवटीखाली हात घेऊन तो काय करतोय ते बघत बसलेली. मला वाटलं, हिला शिकवताच येत नाही.

इथे वाचलं होतं म्हणून दोन दिवस थांबले. मग वही मिटून त्याला सरांकडची दोन आणि ताईकडची दोन उदाहरणं दिली. सरांकडची सुरूच करता आली नाहीत. ताईकडची दोन्ही केली, एकात गुणाकार चुकला पण रीत बरोबर. कुणाकडे जायचं असं विचारलं तर म्हणाला, "ताईकडे. ती मी बोलायची वाट बघते."

तिच्याशी सगळं आधी बोलून घेतलं: वेळ, फी, दांड्या, चार तास चाचणीचे. मंगळवार आणि शुक्रवार, बाहेरच्या खोलीत. खोडरबर कपाटात. पहिले दोन आठवडे त्याला काट मारायची लाज वाटायची, पानावर हात आडवा धरून लिहायचा. आता काट मारून खाली "पुन्हा" असं लिहितो आणि सुरू करतो. ती त्याला अजून पाचवीचे अपूर्णांकच करायला लावतेय. शाळा पार पुढे गेलीय. मला धाकधूक होते, पण मी मध्ये पडत नाही.

या चाचणीत वीसपैकी नऊ. त्याचे बाबा जरा हिरमुसले. मी पेपर दोनदा चाळला. कोरं एकही नव्हतं.

आता एक नवा प्रश्न. ताईची स्वतःची सत्र परीक्षा आहे, तीन आठवडे ती येणार नाही. तेवढ्यापुरतं दुसरं कुणी बघू का? आत्ता कुठे लय लागलीय, तुटेल अशी भीती वाटते.

घरी शिकवणारी

दुसरं कुणी नको. नवा माणूस, नवी रीत, पोरगं पुन्हा पानावर हात आडवा धरेल.

ताईला सांगा की जाण्याआधी झालेल्या भागातली वीस उदाहरणं एका कागदावर काढून दे, उत्तरं वेगळ्या कागदावर, तो तुमच्याकडे. मंगळवारी आणि शुक्रवारी ठरल्या वेळी त्यानं बाहेरच्या खोलीत बसून तीन-तीन करायची. तुम्ही शेजारी नको. अडलं तर काट मारून पुढे जायचं, ताई आली की तिला दाखवायचं. तुम्ही फक्त उत्तरं ताडून बघा, रीत समजावायला जाऊ नका. आणि त्या वीसातली तीन-चार त्यालाच बनवू द्या. छेद त्यानं निवडायचे, उत्तर काढून ठेवायचं आणि ताई परत आली की तिला सोडवायला द्यायची. तिलाही आधी सांगून ठेवा की त्यातलं एखादं मुद्दाम चुकवायचं आणि त्याला शोधू द्यायचं.

सातवीतल्या मुलाची आई

त्याला सांगितलं. छेद १७ आणि १९ घेणार म्हणतोय.